शाळेच्या अनुदानाला तारीख द्या: शालेय शिक्षण आणि वित्त विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग
मा. सचिव, वित्त विभाग
महाराष्ट्र शासन

विषय: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचं संयुक्त शाळा अनुदान आणि त्याचं वेळापत्रक

सस्नेह नमस्कार,

प्राथमिक शाळेची डागडुजी करायला वर्षात एकच हंगाम असतो. परीक्षा संपल्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत. मुलं सुट्टीवर असतात, भिंती कोरड्या असतात, पत्र्यावर चढता येतं, वर्गातलं सामान बाहेर काढून ठेवता येतं. गळकं छप्पर, निखळलेली फरशी, फुटलेली टाकी, न लागणारं दार, जे काही करायचं ते याच पाच-सहा आठवड्यांत. आणि नेमक्या याच आठवड्यांत शाळेच्या खात्यावर खर्चाला एक रुपया नसतो. मागच्या वर्षीचा पैसा 31 मार्चला संपलेला असतो आणि नव्या वर्षाचा यायला पाऊस सरावा लागतो, बऱ्याचदा थंडीही.

मी जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या एका दोनशिक्षकी शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझं मूल त्या शाळेत शिकतं. एरवी मी महिला बचत गटांचे हिशेब लिहिते. त्यामुळे कॅशबुक, व्हाउचर, ताळमेळ हे शब्द मला नवे नाहीत. माझी मागणी तशी लहान आहे. अनुदानाची रक्कम किती हे शाळेला आधी कळावं, ती कोणत्या तारखेला येणार हे कळावं, आणि आलेली रक्कम विचार करून खर्च करण्याइतका वेळ मिळावा. रक्कम वाढावी असंही मला वाटतं आणि त्याबद्दल पुढे लिहिते आहे. पण वाढीव रक्कम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येणार असेल, तर तिच्यापेक्षा एप्रिलमध्ये हमखास मिळणारी थोडी रक्कम आमच्या शाळांना जास्त उपयोगाची आहे.

आकडे आपल्याला माहीत आहेत. तरी हे पत्र पालकही वाचतील म्हणून लिहिते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्राथमिक शाळेला शाळा अनुदान 5,000 रुपये मिळायचं. तीन खोल्यांपर्यंतच्या इमारतीला देखभाल दुरुस्तीचे 5,000 वेगळे आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी 500 रुपये. म्हणजे दोन खोल्या आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेला वर्षाला 11,000. त्याच्या जागी समग्र शिक्षा ही केंद्राची योजना 2018 मध्ये आली आणि हे सुटे तुकडे जोडून एकच संयुक्त शाळा अनुदान झालं. हे जोडणं चांगलंच होतं. तीन वेगवेगळ्या शीर्षांखाली पैसे ठेवून एकात शिल्लक आणि दुसऱ्यात टंचाई, असा प्रकार त्याने थांबला. रक्कम मात्र पटाच्या टप्प्यांना बांधली गेली. सध्याचे टप्पे असे: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे एक लाख.

आता तीच दोन खोल्यांची शाळा बघा. पट 28 असेल तर तिला वर्षाला 10,000 मिळतात. जुन्या हिशेबापेक्षाही 1,000 कमी. मधल्या काळात खडूपासून सिमेंटपर्यंत काय स्वस्त झालं आहे? यातली किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेच्या कामावर खर्च करायची असते. ती अट योग्यच आहे. पण 10 टक्के म्हणजे 1,000 रुपये, महिन्याला 83 रुपये आणि काही पैसे. एवढ्यात स्वच्छतागृह वर्षभर धुवून घेऊन दाखवणारी माणसं आमच्या गावांत आहेत, कारण ती आपल्या खिशातून घालतात. उरलेल्या 9,000 मध्ये महिन्याला 750 पडतात. त्यात वीजबिल आलं, आणि मे महिन्यात एक दिवाही न लावता भरावा लागणारा स्थिर आकारही आला. रजिस्टरं, खडू, इंटरनेटचा रिचार्ज, टाकीची सफाई, कुलूप, नळाची तोटी, प्रथमोपचार पेटी, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी, सगळं त्यातच.

इमारतीला पट कळत नाही, हे टप्पे ठरवताना सुटून गेलं आहे. 12 मुलांची शाळा आणि 40 मुलांची शाळा, दोन्हींना छप्पर तेवढंच लागतं. वीजजोडणी एकच, पाण्याची टाकी एकच, स्वच्छतागृहं दोन. हा खर्च मुलांच्या संख्येबरोबर हलत नाही. तरीही 30 च्या पटावरून 31 वर गेलं की अनुदान एका मुलामुळे 15,000 ने वाढतं आणि 31 वरून 30 वर आलं की तेवढंच गळतं. एका घराने कामासाठी शहराची वाट धरली, दाखला नेला, की पुढच्या वर्षीच्या शाळेच्या अंदाजपत्रकातले साठ टक्के त्या दाखल्याबरोबर जातात. अशा पायावर नियोजन कसं उभं करायचं? यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीवर, पट नोंदवताना आमचे शिक्षक एकेका नावासाठी जीव टाकतात, त्यामागे शिक्षकपद कमी होण्याची भीती असतेच, पण ही रक्कमही असते.

आणि हे दुष्टचक्र होतं. पट घटतो, अनुदान घटतं, शाळेची रया जाते, पालक बघतात आणि मूल गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात, पट आणखी घटतो. मग पट कमी म्हणून शाळा समूहात विलीन करण्याची चर्चा सुरू होते. वीसच्या आतला पट असलेल्या शाळा आपल्या राज्यात हजारोंनी आहेत. वाड्या, तांडे, पाडे इथली पहिलीची मुलं दुसऱ्या गावी चालत जाऊ शकत नाहीत, म्हणून त्या शाळा आहेत. त्यांना आधी 10,000 वर ठेवायचं आणि नंतर त्या चालत नाहीत म्हणायचं, हा मला अन्याय वाटतो.

टप्पे केंद्र सरकार ठरवतं, राज्याच्या हातात काय आहे, असं उत्तर येईल. राज्याच्या हातात भर घालणं आहे. प्रत्येक शाळेला एक ठरावीक पायाभूत रक्कम आणि वर मुलामागे काही रक्कम, असं सूत्र धरता येईल. उदाहरणार्थ पायाभूत 20,000 आणि मुलामागे 200 धरले, तर 20 मुलांच्या शाळेला 24,000 होतात, 30 च्या शाळेला 26,000 आणि 31 च्या शाळेला 26,200. एका मुलाच्या येण्याजाण्याने 200 रुपयांचा फरक पडतो, 15,000 चा नाही. या दराने 101 ते 149 आणि 251 ते 274 पटाच्या शाळांना आजच्यापेक्षा कमी मिळेल हे मी मोजून पाहिलं आहे. त्यांची आजची रक्कम कायम ठेवावी. मोठ्या शाळांना आजची एक लाखाची कमाल मर्यादाही राहू द्या. केंद्राच्या टप्प्याप्रमाणे येणारी रक्कम आणि या सूत्राची रक्कम यांतला फरक राज्याने द्यायचा. दर आपण वेगळे ठरवा, त्यावर माझा हट्ट नाही. पण पायरी काढा आणि उतार करा.

आता तारखेबद्दल.

पैसा उशिरा का येतो, हे मी समजून घेतलं आहे. राज्य आपली वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक केंद्राकडे पाठवतं. दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळाची बैठक होते. मान्यता मिळते, पहिला हप्ता निघतो, तोही मागच्या वर्षाचे हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्रं पोचल्यावर. केंद्राचे 60 टक्के आले की राज्याचे 40 टक्के त्यात मिळतात, मग मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून शाळेला. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपलं काम नियमाने करत असतो. पण साखळीच्या शेवटच्या कडीला असलेल्या शाळेला सगळ्यांचा उशीर एकत्र मिळतो.

2021 च्या जुलैपासून आणखी एक बदल झाला. केंद्राच्या योजनांचा पैसा राज्यात एकाच नोडल खात्यात ठेवायचा, आणि खालच्या सगळ्यांना शून्य शिलकीची खाती द्यायची, असं ठरलं. त्याआधी अनुदान शाळेच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायचं आणि उरलं तर राहायचं. आता शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते, आम्ही सगळे तिला लिमिट म्हणतो. पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीवर देयक भरायचं, मंजूर करायचं, पीपीए म्हणजे बँकेला द्यायचा छापील प्रदान आदेश काढायचा, सह्या करायच्या, बँकेत न्यायचा. 31 मार्चला जे लिमिट वापरलं नाही ते गेलं. या बदलामागचं कारण मला पटतं. देशभर लाखो खात्यांत सरकारचा पैसा वर्षानुवर्षं पडून होता, कुठे किती आहे ते कळत नव्हतं. हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही ते खटकेल. पण शिल्लक परत घेण्याचा नियम तेव्हाच न्याय्य ठरतो, जेव्हा पैसा वेळेवर दिलेला असतो. बारा महिन्यांच्या खर्चाचं लिमिट फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडायचं आणि खर्च झाला नाही म्हणून ते काढून घ्यायचं, यात शाळेचा दोष कुठला?

त्या शेवटच्या आठवड्यांत काय होतं ते सांगते. नियमाप्रमाणे समितीची बैठक, ठराव, दरपत्रकं, खरेदी, साठा नोंदवहीत नोंद, मग देयक, असा क्रम असतो. इतका वेळ नसतो म्हणून क्रम उलटा होतो. पत्र्याच्या दुरुस्तीला माणूस मिळवायला, माप घ्यायला, काम करून घ्यायला दिवस लागतात, म्हणून ते राहतं. जे दुकानात तयार मिळतं आणि ज्याचं पक्कं बिल लगेच मिळतं ते घेतलं जातं. तक्ते, फलक, कुंड्या, रंगाचे डबे. भिंतीवर सुंदर रंग लागतो आणि जुलैत त्याच भिंतीवरून पाणी उतरतं. लेखापरीक्षणात या खर्चावर बोट ठेवायला जागा नसते, कारण कागद पूर्ण असतात. पण हा खर्च शाळेच्या गरजेने ठरवलेला नसतो, तारखेने ठरवलेला असतो. काही शाळांची सर्व्हरच्या गर्दीत देयकंच पुढे सरकत नाहीत आणि लिमिट तसंच निघून जातं.

वर्षभर मग शाळा चालते कशी? शिक्षक आपल्या पगारातून चालवतात. गावातला दुकानदार उधार देतो, तो ओळखीपोटी. एप्रिलपासून जानेवारीपर्यंतची बिलं अशी साठतात. यातला काही खर्च नंतर वसूल होतो, काही कधीच होत नाही. स्वच्छतागृह धुणाऱ्या बाईला रोख द्यावे लागतात आणि तिच्याकडे पक्कं बिल नसतं. आपल्या खिशातून शाळा चालवणाऱ्या शिक्षकांचं कौतुक समारंभात होतं, मला ते ऐकताना त्रास होतो. सरकारी शाळेचं वीजबिल शिक्षकाने भरावं लागणं ही व्यवस्थेची उणीव आहे. तिला त्यागाचं नाव देऊन ती झाकू नका.

शिवाय हा हिशेब करतो कोण तेही बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट असेल तरच आहे. लहान शाळेत दोन वर्ग सांभाळणाराच शिक्षक मुख्याध्यापकाचा प्रभार घेतो आणि लिपिकही तोच असतो. पीएफएमएसवर बसायचं तर वर्ग सोडून. आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या हाताखाली त्या गटातल्या सगळ्या शाळांसाठी हिशेबाचं काम जाणणारा एक माणूस द्या. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. शिक्षकाचे दिवस वर्गाला परत मिळतील आणि उपयोगिता प्रमाणपत्रं वेळेत जातील, म्हणजे पुढचा हप्ताही लवकर सुटेल.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खुपतं ते शाळा विकास आराखड्याचं. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 ने आमच्यासारख्या समित्या निर्माण केल्या. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणं हे आमचं काम आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कलम 22 सांगतं की समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, आणि पुढे असं सांगतं की शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल. म्हणजे आधी शाळा सांगणार काय हवं आहे, मग त्यावरून पैसा ठरणार. कायदा करणाऱ्यांनी गावच्या पालकांवर इतका मोठा विश्वास टाकला होता.

प्रत्यक्षात हा क्रम उलटा आहे. अनुदान पटाच्या टप्प्याने ठरतं आणि आराखडा वरून आलेल्या नमुन्यात भरून दिला जातो. आईबाप दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला येतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार हवं, कुंपण हवं, पावसाळ्यात पाण्याची वेगळी सोय हवी असं बोलतात, ठराव लिहिला जातो. त्यानंतर त्या कागदाला कुणी उत्तर देत नाही. होकारही नाही, नकारही नाही. पुढच्या बैठकीला निम्मी माणसं येतात आणि मग पालक उदासीन आहेत असा शेरा आमच्यावर बसतो. बचत गटात बाया दर महिन्याला न चुकता का जमतात? कारण त्यांनी ठरवलेलं त्या तारखेला घडतं. शाळेच्या बैठकीत ठरवलेलं काही घडतच नसेल, तर त्यांनी कशासाठी यावं?

आराखड्याला उत्तर देण्याची सक्ती करा. समितीने डिसेंबरमध्ये आराखडा दिला की फेब्रुवारीअखेरपर्यंत गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून शाळेला लेखी कळावं: यातलं हे काम संयुक्त अनुदानातून करा, हे जिल्हा परिषदेच्या सेस निधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नात, धरलं आहे, हे जिल्हा नियोजन समितीकडे पाठवलं आहे, हे या वर्षी होणार नाही. नकारही चालेल. नकार मिळाला की आम्ही दुसरी वाट शोधू. पाणी आणि स्वच्छतेचं काम असेल तर ग्रामपंचायतीकडे जाऊ. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला मोठा वाटा त्याच कामांसाठी बांधून दिला होता, पण गावाचा विकास आराखडा आणि शाळेचा विकास आराखडा एकमेकांना भेटतच नाहीत. एका शाळेला एका वर्षात कुठल्या खिडकीतून किती पैसा येणार आहे, समग्र शिक्षा, सादिल (किरकोळ खर्चाचं अनुदान), सेस, ग्रामपंचायत, हे सगळं एका कागदावर मांडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तो कागद प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला पाहिजे.

लोकवर्गणीबद्दल थोडंसं. आमची माणसं देतात आणि देत राहतील. पण ज्या गावात पैसा आहे तिथेच वर्गणी जमते. ज्या तांड्यावरची घरं वर्षातले सहा महिने ऊसतोडीला असतात, तिथल्या समितीला लोकसहभाग वाढवा असं सांगणं कठोर आहे.

वित्त विभागाकडे माझी खास विनंती आहे. केंद्राची मान्यता यायची तेव्हा येऊ दे. राज्याने आपल्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून संयुक्त अनुदानाच्या 40 टक्के रक्कम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक शाळेला अग्रिम म्हणून द्यावी आणि केंद्राचा हप्ता आल्यावर समायोजन करावं. 25,000 च्या शाळेला हे 10,000 होतात, 10,000 च्या शाळेला 4,000. रक्कम मोठी नाही. पण मे महिन्यात पत्रे बदलायला, टाकी दुरुस्त करायला, जूनमध्ये पहिल्या दिवशी खडू आणि हजेरीपट हातात असायला ती पुरते. उरलेलं लिमिट ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडावं. आणि एखाद्या वर्षी ते 1 जानेवारीनंतर उघडलं गेलं, तर त्या वर्षापुरती खर्चाची मुदत 30 जूनपर्यंत आपोआप वाढावी, शाळेला त्यासाठी अर्ज करायला लागू नये. केंद्राच्या हिश्श्याला ते नियमात बसत नसेल तर राज्याच्या हिश्श्यापुरतं तरी करा.

आम्ही समित्याही आमच्या बाजूने बांधील राहायला तयार आहोत. अग्रिमाचा हिशेब 30 जूनपर्यंत ग्रामसभेसमोर वाचून दाखवू आणि तो न वाचणाऱ्या शाळेचा पुढचा हप्ता थांबवा.

आमच्या पुढच्या आराखड्याची बैठक डिसेंबरमध्ये होईल. येत्या वर्षी शाळेला किती रक्कम मिळणार आणि ती कधी मिळणार, हे दोन आकडे नोव्हेंबरअखेरपर्यंत सगळ्या शाळांना कळवा. तेवढ्यावर आम्ही खरं अंदाजपत्रक मांडायला बसू.

आपली,
एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष